वाकडा-तिकडा जॉब लेथवर धरायचा कसा

दसरा झाला की कोल्हापूरच्या आमच्या उद्यमनगरातल्या बोळात लेथवर (जॉब फिरवून टूलनं कापायच्या मशीनवर) एक ठराविक जॉब यायला लागतो, गुऱ्हाळाच्या घाण्याचा बेअरिंग ब्लॉक, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो तो ठोकळा. बिडाचं ओतीव, एका अंगाला पाय, दुसऱ्या अंगाला तेलाच्या भोकाचा उंचवटा, बोअर (आतलं गोल भोक) मधोमध नाही आणि एक पण बाजू दुसरीला काटकोनात नाही. शेतकरी दादा पोत्यात घालून आणतात, टेबलावर धाडकन ठेवतात आणि म्हणतात बुश (बोअरमध्ये बसणारी नळी) बदलून द्या, संध्याकाळी न्यायला येतो. बुश करायला अर्धा तास लागतो. ब्लॉक धरायला दीड-दोन तास जातात आणि पैसे मात्र बुशचेच मिळतात, ते असो.

गोल बार ट्रू चकात (तिन्ही जॉ, म्हणजे पकडी, एकदम सरकतात त्या चकात) धरायला कुणालाही आठवड्यात येतं. पण बेंड, ब्रॅकेट, लिव्हर, अर्धवट गोल कास्टिंग समोर आलं की पोरं चावीला पाइप लावून आवळत सुटतात, आणि तिथंच जॉबची वाट लागते. माझ्या अनुभवात टूल चुकल्यामुळं जितके जॉब भंगारात गेले त्यापेक्षा धरण्यात चुकल्यामुळं जास्त गेलेत. म्हणून ह्या लेखात कटिंगबद्दल कमी आणि धरण्याबद्दलच जास्त लिहितोय, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

चकाला हात लावायच्या आधी

आमचे जुने मिस्त्री जॉब आला की लगेच मशीनवर चढवू द्यायचे नाहीत. खडू हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आधी जमिनीवर काढून दाखव, पहिलं काय करणार, दुसरं काय करणार." तेव्हा राग यायचा, आता मीच पोरांना तसं करायला लावतो.

बघायचं काय तर पहिली सेटिंग आणि दुसरी सेटिंग. ओतीव जॉबला पहिल्या वेळी धरायला चांगली जागा नसतेच, सगळी खडबडीत. त्यामुळं पहिल्या सेटिंगचं काम एकच, दुसऱ्या सेटिंगला नीट टेकायला एक साफ जागा तयार करणं. म्हणजे ब्लॉकचा पाय आधी साफ करून घ्यायचा आणि मग त्या पायावर बसवून बोअर मारायचा. उलटं केलं, आधी बोअर मारला, तर नंतर पाय बोअरला समांतर आणताना घाम फुटतो.

दुसरं म्हणजे जोर कुठून कुठं जातोय. जॉ किंवा क्लॅम्प जिथं दाबतोय त्याच्या बरोबर मागं भरीव आधार पाहिजे. बीड दाब सहन करतं पण वाकवलं की तडकतं, त्यामुळं पोकळ जागेवर क्लॅम्प आवळला की एकतर तडा जातो, नाहीतर जॉब वाकलेल्या अवस्थेत मशिनिंग होतो आणि सोडल्यावर परत आपल्या मूळ आकारात उडी मारतो. मग तुमचा सपाट फेस सपाट राहत नाही. खडबडीत बाजू टेकवायची असेल तर तीन ठिकाणीच टेकवा. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, चार पायांचं डुगडुगतं, तोच हिशोब. चौथ्या ठिकाणी फट दिसली तर तिथं शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला, पण बोटानं सरकेल एवढंच, ठोकून नको.

आणि तिसरं, बाहेर निघालेला प्रत्येक कोपरा फिरताना कुठवर जातो ते मापून घ्या. फिरणारा जॉब डोळ्याला गोल धुरासारखा दिसतो, त्या धुरात एक कान बाहेर आलेला असतो आणि तो दिसत नाही.

डॉग चक, म्हणजे निम्मं काम इथंच होतं

चार जॉ वेगवेगळे फिरणारा चक, आपल्याकडं डॉग चक म्हणतात. ह्याला वेळ लागतो म्हणून पोरं टाळतात, पण एकदा हात बसला की पाच-सात मिनिटात जॉब डायलवर (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या घड्याळावर) येतो.

चौकोनी, आयताकृती, बोअर बाजूला असलेला, सगळं ह्यात बसतं. प्रत्येक जॉ स्वतंत्र असल्यामुळं एखादा जॉ काढून उलटा पण लावता येतो, दोन सरळ दोन उलटे असं चालतं. आमच्या बेअरिंग ब्लॉकला मी नेहमी पायाकडचा जॉ उलटा लावतो, कारण तिकडं रुंदी जास्त.

सुरुवात चकाच्या तोंडावर कोरलेल्या गोल रेघांवरून करा. चारी जॉ अंदाजे आपापल्या अंतरावर आणा. जॉब आत ठेवा, टेलस्टॉक (चकासमोरचा सरकता भाग) पुढं आणून मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून जॉब चकाच्या तोंडावर दाबून धरा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि जॉब मांडीवर पडत नाही. लेथच्या बेडवर फळी टाकलेली असू द्या, ते सांगायला नको. मग समोरासमोरचे जॉ जोडीनं हलके आवळा.

बोअरचं सेंटर आधी मार्किंग करून पंच मारलेलं पाहिजे. पंचापासून कंपासनं एक गोल ओढून घ्या, फायनल बोअरपेक्षा दोन-चार मिमी मोठा. आता सरफेस गेजचा, म्हणजे स्टँडला लावलेला, काटा त्या गोलावर लावा आणि चक हातानं फिरवा. काटा आणि रेघ ह्यातलं अंतर दिसत नसेल तर मागं पांढरा कागद धरा, फट लगेच डोळ्यात भरते. ह्यानं अर्ध्या मिमीपर्यंत आरामात येतं आणि गुऱ्हाळाच्या ब्लॉकला खरं तर एवढं पुष्कळ आहे.

बारीक काम असेल तर पंचात एक लांब रॉड टेकवा. रॉडच्या एका टोकाला अणकुची, दुसऱ्या टोकाला सेंटर ड्रिल मारलेलं, ते टेलस्टॉकच्या सेंटरवर बसवायचं. जॉबच्या जवळ त्या रॉडवर डायल लावा आणि चक हळू फिरवा. पंच सेंटरला नसेल तर रॉडचं ते टोक वर-खाली होतं आणि डायल सगळं सांगतो. असा रॉड बाजारात शोधत बसू नका, १२ मिमीच्या बारचा अर्ध्या तासात होतो, आमच्याकडचा वीस वर्षं जुना आहे आणि अजून सरळ आहे.

डायलचा हिशोब सोपा पण तिथंच गडबड होते. एक जॉ डायलसमोर आणा, रीडिंग घ्या. १८० अंश फिरवून समोरच्या जॉचं घ्या. फरक आला समजा ०.८० मिमी, तर जॉब ०.४० नं सरकवायचा, ०.८० नं नाही. नवा माणूस पूर्ण फरक सरकवतो आणि मग जॉब झोपाळ्यासारखा इकडून तिकडं जात राहतो. रीडिंग ज्या बाजूला जास्त तिकडचा जॉ आवळायचा, समोरचा आधी चिमूटभर ढिला करून. दोन चाव्या असतील तर एक पुढून एक मागून लावून दोन्ही एकदम फिरवा, ह्यासारखं सुख नाही. एक जोडी झाली की दुसरी जोडी, मग परत पहिली तपासा. सगळं शून्यावर आलं की चारी जॉ थोडे थोडे करत आवळा आणि आवळून झाल्यावर परत एकदा डायल बघा. आवळताना जॉब सरकतोच, नाही सरकला तर तुमचं नशीब.

ओतीव जॉबची एक खोड लक्षात ठेवा. साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना थोडा उतार दिलेला असतो, त्यामुळं जॉ पूर्ण टेकत नाही, एका कडेवरच टेकतो. अशा वेळी जाड बाजू आत, चकाकडं ठेवा. मग आवळल्यावर जॉब चकाकडं ओढला जातो. जाड बाजू बाहेर ठेवली तर तोच उतार जॉबला हळूहळू बाहेर ढकलतो, आणि तुम्ही म्हणता चक झिजलाय. बाजू उलटवता येत नसेल तर जॉ आणि जॉबच्या मध्ये ८-१० मिमीचा ॲल्युमिनियम किंवा तांब्याचा गोल रॉड आडवा ठेवा, जॉच्या लांबीच्या मधोमध. रॉड स्वतःच बसायची जागा शोधतो आणि दाब मधल्या भागात जातो, कडेवर नाही. मशिनिंग झालेल्या बाजूला मात्र रॉड नको, तिथं पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा.

पहिला कट भीत-भीत घेऊ नका. बिडाच्या कातडीत वाळू आणि कडकपणा असतो, वरवरचा कट घेतला की टूलची धार त्या कातडीवर घासून दहा मिनिटात जाते. कातडीच्या खाली जाईल एवढा कट द्या, फिरकी मात्र कमी ठेवा. ६५ मिमीचा बोअर हायस्पीड टूलनं मिनिटाला २० मीटरच्या आसपास धरला तर साधारण १०० आरपीएम येतात. कार्बाईडनं तिप्पट चालतं हे खरं, पण वाकड्या जॉबला टूलच्या हिशोबानं नाही, तोल किती आहे त्या हिशोबानं फिरकी ठरवायची. त्याचं पुढं सांगतो.

फेस प्लेट

जॉला धरायला काहीच नाही पण टेकायला सपाट बाजू आहे, असा जॉब आला की फेस प्लेट, म्हणजे स्पिंडलवर (मशीनच्या फिरत्या दांड्यावर) चढणारी मोठी सपाट चकती. लिव्हर, ब्रॅकेट, मोठी झाकणं, सगळी ह्यावर. आमच्याकडं अर्ध्या वर्कशॉपात फेस प्लेट भिंतीला टेकवून गंजत असते आणि वर्षातून एकदा तिच्यावर कोणतरी चहाचा ग्लास ठेवतं.

सगळ्यात कामाची गोष्ट आधी सांगतो: जॉब फेस प्लेटवर मशीनवर उभ्यानं बांधू नका. प्लेट टेबलावर आडवी टाका, तोंड वर करून, आणि जॉब तिथं निवांत बांधा. जॉब स्वतःच्या वजनानं जागेवर बसतो, तुम्हाला एका हातानं जॉब आणि एका हातानं पाना अशी कसरत करावी लागत नाही. मग सगळं उचलून स्पिंडलवर चढवा, जड असेल तर दोघांनी, नाहीतर चेन पुलीनं. फायनल सेंटरिंग मशीनवर, क्लॅम्प अर्धवट ढिले ठेवून तांब्याच्या हातोड्यानं टिचक्या मारत.

प्लेट आणि जॉब दोन्ही पुसून हात फिरवून बघा, एक बर (कडेला राहिलेला काटा) किंवा कीस मध्ये राहिला तर सगळं तिरकं. मध्ये एक साधा कागद ठेवा, वर्तमानपत्राचा चालतो. साफ लोखंडावर साफ लोखंड घसरतं, कागद मध्ये असला की घट्ट धरून बसतं. आरपार बोअर मारायचा असेल तर जॉबच्या खाली दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या द्या, नाहीतर टूल बोअर संपवून सरळ प्लेटमध्ये घुसतं. पट्ट्या क्लॅम्पच्या बरोबर खाली आल्या पाहिजेत.

क्लॅम्प लावायची पद्धत दहापैकी सात लोक चुकवतात. बोल्ट जॉबच्या जवळ पाहिजे आणि मागचा टेकू लांब. बोल्ट टेकूजवळ गेला की तुम्ही टेकू आवळताय, जॉब नाही. टेकूची उंची जॉबपेक्षा केसभर जास्त, म्हणजे क्लॅम्पचं नाक जॉबवर दाबतं. कमी असेल तर क्लॅम्प जॉबच्या कडेवरून घसरायला बघतो. आणि फक्त क्लॅम्पच्या घर्षणावर सगळं सोडू नका, कटाचा जोर ज्या दिशेला जॉब ढकलतो तिकडं प्लेटवर एक स्टॉप बोल्टानं बांधा, जॉबला चिकटून. चार क्लॅम्पपेक्षा एक स्टॉप जास्त झोप देतो.

आता तोल. जॉबचं वजन एका बाजूला, तर समोर वजन लावायलाच पाहिजे. गिअर न्यूट्रलला टाका, प्लेट हातानं हलकी फिरवून सोडा. थांबली की खाली जे आलं तिथं खडूनं खूण. तीन-चार वेळा करा, दर वेळी तीच खूण खाली आली तर तिकडं वजन जास्त, बरोबर वरच्या बाजूला वजन बांधा. प्लेट कुठंही सोडली तरी तिथंच थांबायला लागली की झालं. गिअरवाल्या हेडस्टॉकमध्ये तेलाचा आणि बेअरिंगचा थोडा अडथळा असतो त्यामुळं अगदी काट्यावर येत नाही, त्याच्या मागं पण लागू नका. वजनासाठी वेगळं काही लागत नाही, जुने गिअर, बिडाच्या चकत्या, मधून भोक असलं म्हणजे झालं. ते पण दोन बोल्टनी किंवा लॉक नटनं, कारण सुटलं तर जॉबपेक्षा आधी तेच छातीवर येणार.

हे सगळं नाटक कशासाठी, तर आकडा बघा. सेंटरपासून १५० मिमी लांब फक्त १ किलो जास्तीचं वजन आहे. २०० आरपीएमला ते साधारण ६-७ किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. तेच ६०० आरपीएमला नेलं तर ६० किलोच्या आसपास, कारण फिरकी तिप्पट केली की ओढ नऊपट होते. मशीन नाचायला लागतं, बोअर गोल येत नाही, आणि क्लॅम्प हळूहळू ढिले होतात ते वेगळंच.

चालू करायच्या आधी टूल सगळ्यात आत जिथवर जाणार तिथं नेऊन प्लेट हातानं एक पूर्ण फेरी फिरवा. हे वाक्य मी जाड अक्षरात लिहिलं असतं. तिसऱ्या वर्षी मी एक ब्रॅकेट बांधला होता, स्टॉप लावला, वजन लावलं, तोल काढला, सगळं मिस्त्रींनी शिकवल्यासारखं. एका क्लॅम्पला आखूड बोल्ट मिळाला नाही म्हणून लांब लावला, त्याचं शेपूट नटच्या बाहेर वीस-बावीस मिमी. बाहेरच्या बाजूला चक्कर मारून बघितली, टूल आत नेऊन नाही बघितली. बोअर निम्मा झाला, कॅरेज (टूल घेऊन सरकणारा भाग) आत गेलं, आणि त्या शेपटानं त्यावरच्या कंपाउंड स्लाईडच्या हँडलला असा टोला दिला की हँडल तुटून पत्र्यावर जाऊन आदळलं. माझा हात दोन सेकंद आधी त्याच हँडलवर होता. मिस्त्री काही बोलले नाहीत, हॅक्सॉ आणून समोर ठेवला. त्या दिवशी डब्यातले सगळे लांब बोल्ट मी कापले. तुम्ही पण कापा, किंवा वॉशर घालून शेपूट कमी करा.

आट्याच्या स्पिंडलवर चढणारी प्लेट किंवा चक असेल तर उलट फिरवताना आणि झटक्यात ब्रेक मारताना ती स्वतःहून सुटू शकते. जड जॉब असला की थांबवायचं पण हळूच.

पंपाचा बेंड, अँगल प्लेटवर

दोन फ्लँज (टोकाच्या बोल्ट लावायच्या चकत्या) एकमेकांना काटकोनात असलेला बेंड, म्हणजे वळलेला पाइप, हा कोल्हापुरातल्या प्रत्येक जॉबवर्कवाल्याच्या नशिबी कधी ना कधी येतोच, पंपाची कामं आपल्याकडं कमी नाहीत. हा फेस प्लेटवर सरळ बांधता येत नाही. फेस प्लेटवर आधी अँगल प्लेट (काटकोनी आधार) बांधायची आणि तिच्यावर बेंड.

अँगल प्लेट बांधल्यावर तिचा आडवा फेस स्पिंडलला समांतर आहे का ते डायल लावून कॅरेज पुढं-मागं करून बघा. इथं ०.०५ चुकलं तर तेवढं फ्लँजमध्ये उतरणारच. समांतर नसेल तर अँगल प्लेट आणि फेस प्लेटच्या मध्ये पातळ शिम.

पहिली सेटिंग: एक खडबडीत फ्लँज अँगल प्लेटवर, तीन ठिकाणी टेकवून. मोठ्या वॉशरचे तीन तुकडे चालतात. फ्लँजच्या बोल्टांची भोकं अजून पाडलेली नसतात, त्यामुळं क्लॅम्प फ्लँजच्या कडेवर, बरोबर त्या तीन टेकूंच्या डोक्यावर. बेंडच्या पाठीवरून एक लांब पट्टी टाकून आवळायचा मोह होतो, कारण दिसायला भक्कम दिसतं, पण पाठ पोकळ आहे, तिथं आवळू नका. बाहेर लोंबणाऱ्या फ्लँजखाली छोटा स्क्रू जॅक किंवा नट-बोल्टचा जॅक नुसता टेकवा, उचलू नका. डायल लावून जॅक फिरवलात की कळतं, काटा हलायला लागला म्हणजे तुम्ही जॉब उचलताय, तेवढं मागं घ्या. जॅक पण प्लेटसोबत फिरणार, म्हणून तो बांधलेला पाहिजे, नुसता अडकवलेला नाही.

फेसिंग झालं, फ्लँजची बाहेरची कड आणि बोअरचं तोंड साफ केलं, की ह्याच फ्लँजला ड्रिलवर भोकं पाडून घ्या. दुसऱ्या सेटिंगला हीच साफ फ्लँज त्याच भोकांतून अँगल प्लेटवर बोल्टानं बसते, कागद मध्ये ठेवून. आता शिम नाही, तीन टेकू नाहीत, काटकोन आपोआप येतो. दहा बेंड असतील तर अँगल प्लेटवर बोअरमध्ये बसेल असा एक गोल बॉस (उंचवटा) करून बांधा, दुसऱ्या बेंडापासून सेंटरिंगच लागत नाही. एकाच बेंडासाठी हे करू नका, परवडत नाही.

पातळ रिंग आणि तीन कोपऱ्यांचा गोल

पंपाची वेअर रिंग, गनमेटलची पातळ बुश, असलं काही ट्रू चकात आवळलं की रिंग तीन ठिकाणी आत दबते. तुम्ही दबलेल्या अवस्थेत बोअर एकदम गोल मारता, सोडल्यावर दबलेली जागा बाहेर येते आणि बोअर तिकोनी होतो. गंमत म्हणजे व्हर्नियरनं मापलं तर कुठूनही मापा, माप जवळपास सारखंच येतं, कारण तिकोनी गोलाला दोन टोकांच्या मापात फरक पडत नाही. शाफ्ट घालून बघितलं की अडकतो, आणि मग शाफ्टवाल्याशी भांडण. खात्री करायची तर प्लग गेज, किंवा रिंग बाहेरून व्ही-ब्लॉकवर टेकवून डायल बोअरच्या आत.

उपाय म्हणजे सॉफ्ट जॉ. मऊ स्टीलचे जॉ लावा, आत मागच्या बाजूला एक चकती धरून आवळा म्हणजे जॉवर तसाच दाब राहतो जसा जॉबवर राहणार, आणि मग जॉ रिंगच्या बाहेरच्या मापाला बोअर करा. पूर्ण गोलाईनं पकड मिळते आणि रिंग दबत नाही. जॉवर १-२-३ खुणा करून त्याच खोबणीत परत लावायचे. सॉफ्ट जॉ नसतील तर एका बाजूला चिरलेली जाडसर रिंग करा, जॉब तिच्या आत आणि ती ट्रू चकात, गरिबाचा सॉफ्ट जॉ. जास्तच पातळ असेल तर बाजूनं दाबूच नका, फेस प्लेटवर समोरून क्लॅम्प करा, किंवा ओतीवाला आधीच एक जादाचा गळा ठेवायला सांगा, तो धरा आणि शेवटी कापून टाका. फाउंड्री हाकेच्या अंतरावर असताना एवढं सांगायला काय जातंय.

अगदी कागदासारखी चकती असेल तर चिकटवा. सोनार दागिन्यावर ठोकाठोकी करताना तो लाखेवर बसवतो तसंच. साफ केलेल्या चकतीवर फेव्हीक्विकसारख्या इन्स्टंट गोंदाचे थेंब, टेलस्टॉकनं दाबून ठेवा, बारीक कट घ्या, आणि झाल्यावर गरम करून सोडवा. गरम करताना धूर नाकात घेऊ नका. आणि कट घेतानाच जॉब गरम झाला तर तो स्वतःच सुटतो हे पण लक्षात असू द्या.

एक्सेंट्रिक आणि बाकीची फुटकळ

एक्सेंट्रिक (मध्य बाजूला सरकलेला जॉब) डॉग चकातच करावा. पण एकसारखे वीस नग असतील तर ट्रू चकात एका जॉखाली पॅकिंग देऊन होतं. पॅकिंगची जाडी एक्सेंट्रिसिटीच्या दीडपट, मग त्यातून थोडी कमी. ५० मिमीच्या बारला ५ मिमी पाहिजे असेल तर ७.५ पासून सुरू करा, येतं ते ७.१ च्या आसपास. फॉर्म्युल्यावर विसंबू नका, डायलवर एका फेरीत एकूण १० मिमी फरक दिसला पाहिजे, तो येईपर्यंत पॅकिंग घासत जा. पॅकिंगला जॉच्या बाजूनं थोडी गोलाई द्या.

चौरस बार ट्रू चकात धरायला येत नाही, चौरस भोकाची चिरलेली गोल बुश करून घाला. षटकोनी सरळ बसतो. आटे पाडलेला स्टड धरायचा तर दोन नट लॉक करून नट धरा, आटे जॉत देऊ नका.

बोअर तयार असलेली पुली किंवा गिअर मँड्रेलवर (बोअरमध्ये दाबून बसवायच्या दांड्यावर) घ्या. मँड्रेलला साधारण २००० ला १ असा उतार असतो, म्हणजे २०० मिमी लांबीत ०.१. डोळ्याला दिसत नाही म्हणून कोणती बाजू जाड ते टोकाला खूण करून ठेवा. तेल लावून दाबायचं, कोरडं नाही, आणि कट जाड टोकाकडं घ्यायचा म्हणजे जॉब अजून घट्ट बसतो. एकच नग असेल तर चकात धरलेल्या तुकड्यावरच मापाचा बॉस टर्न करा आणि जॉब त्यावर बसवून नटनं आवळा, फक्त काम संपेपर्यंत तो तुकडा चकातून काढायचा नाही, काढलात की परत तसाच कधी बसत नाही.

लांब खडबडीत किंवा षटकोनी बारला स्टेडी (लांब बारला मध्ये आधार देणारी चौकट) लावायची असेल तर बारवर बाहेरून गोल केलेला पाइपचा तुकडा चढवा, दोन्ही टोकांना चार-चार स्क्रू. स्क्रूंनी तो डायलवर आणा आणि स्टेडी त्या पाइपवर चालवा.

जॉब फिरवूच नका

काही कास्टिंग इतकी मोठी आणि वाकडी असतात की ती फिरवण्यात शहाणपण नाही. पंपाचं मोठं केसिंग, इंजिनचा जुना ब्लॉक, लांब पायांचं पेडेस्टल. हे मला सगळ्यात आवडतं काम. कंपाउंड स्लाईड काढून ठेवा आणि जॉब क्रॉस स्लाईडच्या टी-खाचांवर बांधा. दोन सेंटरच्या मध्ये बोरिंग बार लावा, बारमध्ये आडवं भोक आणि त्यात छोटं टूल स्क्रूनं धरलेलं. बार फिरतो, जॉब कॅरेजसोबत सरकतो. तोलाचा प्रश्नच मिटला.

बार बोअरच्या लांबीच्या दुप्पट तरी पाहिजे, थोडा जास्तच, कारण जॉब टूलच्या एका बाजूनं पूर्ण दुसऱ्या बाजूला जायला जागा लागते. जाडी बोअरमध्ये मावेल तेवढी जास्त, बारीक बार चॅटर मारतो, म्हणजे थरथरतो. उंची मिळवायला खाली बिडाच्या पट्ट्या आणि वर शिम. बार बोअरमधून घालून वर-खाली-डावी-उजवी चारी बाजूंची फट इनसाइड कॅलिपरनं बघा, वर-खालीचा फरक शिमनं आणि डावी-उजवीचा क्रॉस स्लाईडनं काढा. मग क्रॉस स्लाईड लॉक करा, विसरलात तर तिरका बोअर येईल. कट वाढवायचा म्हणजे टूल बाहेर काढायचं, त्यासाठी टूलच्या टोकावर डायल ठेवून टूल मागून टिचकी मारत सरकवा. ०.२ सरकवलं की बोअर ०.४ नं वाढतो, हे विसरून मी एक केसिंग मोठं केलंय, त्याला बुश मारून दिली आणि गप्प बसलो.

हातात काळा धागा, गळ्यात मफलर, हातमोजे, हे असलं वाकड्या जॉबजवळ नको. गोल जॉब धाग्याला निदान घसरू देतो, कान असलेला जॉब ओढून घेतो. चावी चकात सोडू नका हे सांगितलं तर राग येतो लोकांना, तरी सांगतो.

जॉब उतरवताना एक करा, सोडायच्या आधी क्लॅम्प थोडे ढिले करून डायल परत लावा. काटा लई हलला तर जॉब दाबून धरलेला होता, मग तसंच हलकं आवळून शेवटचा बारीक कट परत घ्या, अजून वेळ गेलेली नाही. आणि सगळं सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, वजन कुठं होतं, स्टॉप कुठं होता, खाली कोणत्या पट्ट्या होत्या. घाण्याचा ब्लॉक पुढच्या दसऱ्याला परत येणार आहे, आणि तेव्हा पण संध्याकाळीच पाहिजे असणार.